विश्लेषण : अमेरिकेतील एका स्मृतिफलकाला ‘बुलेटप्रूफ’ का करावे लागले?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील टॅलाहॅची काउंटीत नदीकाठी एक फलक उभा आहे. त्याचे वजन आहे २२५ किलोहून जास्त. तो पोलादाचा आहे आणि बंदुकीच्या गोळीने त्याला भोक पडत नाही. एका १४ वर्षांच्या मुलाच्या आठवणीसाठी उभारलेल्या फलकाला एवढे संरक्षण का लागले?

प्रकरण काय होते?

शिकागोचा एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत नातेवाईकांकडे सुट्टीला आला होता. दुकानातील एका गोऱ्या महिलेकडे पाहून शिट्टी वाजवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्यात आला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्याला घरातून उचलून नेण्यात आले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचा मृतदेह सापडला. गळ्याला काटेरी तारेने लोखंडी पंखा बांधलेला होता.

मुलाचे काय केले ते जगाला दिसू दे, असे म्हणत त्याची आई मेमी टिल यांनी अंत्यदर्शनावेळी शवपेटी उघडी ठेवली. ते छायाचित्र देशभर पोहोचले.

खटल्यात काय झाले?

खटला याच काउंटीतील सम्नर गावच्या कोर्टात चालला. काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. मात्र, ज्युरी मतदार यादीतून निवडले जात आणि त्या यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. परिणामी ज्युरीतील बाराही जण गोरे पुरुष होते. रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम या आरोपींना त्यांनी तासाभरात निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये दोघांनी ‘लुक’ मासिकात हत्येची कबुली दिली. पण एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नसल्याने त्यांना शिक्षा झालीच नाही.

फलक कधी लागले?

त्यानंतर जवळपास ५० वर्षे काउंटीत या घटनेची खूण सांगणारा एकही फलक नव्हता. कोर्टाच्या आवारात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्याचे स्मारक मात्र होते.

२००६ मध्ये काउंटीने नऊ कृष्णवर्णीय आणि नऊ गोरे सदस्य असलेली स्मृती समिती नेमली. २ ऑक्टोबर २००७ रोजी सम्नरच्या कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागण्यात आली आणि २००८ मध्ये घटनेशी संबंधित ठिकाणी फलक लावण्यात आले. मृतदेह जिथे बाहेर काढला असे मानले जाते, ती ग्रॅबॉल लँडिंग ही जागा त्यांपैकीच एक.

एकाच जागी चार फलक का?

- पहिला फलक २००८ मध्येच चोरीला गेला.
- दुसऱ्यावर वारंवार गोळ्या झाडण्यात आल्या. त्याची अक्षरशः चाळण झाली.
- तिसरा जून २०१८ मध्ये लागला आणि ३५ दिवसांत त्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. २०१९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी या फलकापुढे बंदुका घेऊन काढलेला फोटो उघड झाला.
- चौथा, म्हणजे सध्याचा पोलादी फलक ऑक्टोबर २०१९ मध्ये बसवण्यात आला. सोबत कॅमेरे आणि सायरनही आले. दोनच आठवड्यांनी वर्णद्वेषी गटाचे काही जण तिथे चित्रीकरण करायला आले आणि सायरन वाजताच पळाले.

गोळ्या लागलेल्या फलकाचे काय झाले?

फलक बदलण्याआधी समितीपुढे एक पेच होता. दरवेळी नवा फलक लावला, तर द्वेष आजही शिल्लक असल्याचा पुरावाच पुसला जातो. आणि भोके तशीच ठेवली, तर तोडफोड करणाऱ्यांचेच म्हणणे तिथे राहते.

यावर दोन ठिकाणी दोन उत्तरे निघाली. नदीकाठी भोके न पडणारा फलक लागला. तर ३१७ छिद्रे असलेला जुना फलक २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय संग्रहालयात, आहे त्याच अवस्थेत मांडण्यात आला.

आता काय स्थिती आहे?

२५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या ८२ व्या जयंतीला, तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी एमेट आणि मेमी यांच्या नावे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. ग्रॅबॉल लँडिंग, सम्नरचे कोर्ट आणि अंत्यविधी झालेले शिकागोतील चर्च अशा तीन जागा त्यात आहेत. ज्या कोर्टात आरोपी सुटले, त्याची १९५५ सारखी डागडुजी करण्यात आली आहे. तिथे आजही खटले चालतात आणि ज्युरी बसलेली ती खोली पाहायला पर्यटकही येतात.