शून्य ते शंभर आणि तीसची पाटी

गाडीचा विषय निघाला की आपल्या मराठी माणसाचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "केवढ्याला पडली?" नेदरलँड्समध्ये राहून त्यात आता तिसऱ्याची भर पडली आहे, "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" हा तिसरा प्रश्न बहुधा घरातली तरुण मंडळी विचारतात. पण खरं सांगायचं तर पन्नाशीतले काकाही मागे नाहीत. फक्त ते वरणभात वाढून घेता घेता, सहज विचारल्यासारखं विचारतात, इतकंच!

आम्ही राहतो बुइटनव्हेल्डर्टला. ॲमस्टरडॅमच्या दक्षिण टोकाची ही वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उभी राहिली, म्हणजे मोटारगाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली त्या काळात. त्यामुळे रस्ते रुंद, झाडं भरपूर. उत्तरेला ए-१० हा रिंगरोड. जवळच राई हे भव्य प्रदर्शन केंद्र, जिथे 'ऑटोराई' हे मोटारींचं प्रदर्शन भरत आलं. 'राई' या आद्याक्षरांचा मूळ अर्थ सायकल आणि मोटार उद्योग असा आहे. त्यातही सायकल आधी, मोटार नंतर! ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावरचा मान अजूनही त्याच क्रमाने चालतो, हे इथे नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कळतं.

तर अशा या गावात ८ डिसेंबर २०२३ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. काही मोठे रस्ते पन्नासवर राहिले. मोटरवेवर मार्च २०२० पासून सकाळी ६ ते संध्याकाळी ७ बहुतेक ठिकाणी १००. आता सांगा, घरापासून रिंगरोडपर्यंत तीस नि पन्नास आणि पुढे शंभर, एवढाच जर आपला संसार, तर दोनशे तीसच्या वेगाने पळणारी छोटी गाडी घेऊन करायचं काय? आमच्या मित्रमंडळींत यावरून सरळ दोन पक्ष पडले आहेत. एक वेगाचा, दुसरा मजेचा. दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. आमचं म्हणणं असं की या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, आणि गाडी घेण्याआधी हा फरक कळला तर पैसे वाचतात. कधी कधी जीवही वाचतो.

या चपळ छोट्या गाड्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी काढली ती पेट्रोल वाचवण्यासाठी, शर्यतीसाठी नव्हे. पण चारही चाकं चार कोपऱ्यांत आणि वजन नाममात्र, त्यामुळे ती वळणावर अशी काही वळायची की जॉन कूपर यांच्या ते नजरेतून सुटलं नाही. १९६१ मध्ये मिनी कूपर आली आणि १९६४, १९६५ व १९६७ साली मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान गाड्या मागे राहिल्या. पुढे १९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली. ११० हॉर्सपॉवर, वजन साधारण ८१० किलो, शंभर गाठायला नऊ सेकंदांच्या आसपास. मग १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय. तिच्या १.९ लिटरच्या आवृत्तीत १३० हॉर्सपॉवर होती. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिच्या नावाने सुस्कारा टाकतात.

यात ताकदीइतकंच वजन महत्त्वाचं. हलकी गाडी लवकर पळते, लवकर थांबते आणि वळणावर लवकर वळते. जड गाडीला मोठं इंजिन दिलं तर ती पहिलं काम उत्तम करते, पण उरलेल्या दोन कामांत वजन आडवं येतंच. मग रुंद टायर, मोठे ब्रेक, ताठ स्प्रिंगा, आणि त्या सगळ्यांचं पुन्हा वजन!

आता अलीकडच्या गाड्यांचे आकडे पाहू. फोक्सवॅगनची अप जीटीआय ११५ हॉर्सपॉवरची, वजन टनभर, शून्य ते शंभर ८.८ सेकंद. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, २०१८ ची, १४० हॉर्सपॉवर, टनापेक्षा कमी वजन, ८.१ सेकंद. फोर्ड फिएस्टा एसटी, २०० हॉर्सपॉवर, ६.५ सेकंद. ह्युंदाई आय-२० एन, २०४ हॉर्सपॉवर, ६.२ सेकंद. आणि सगळ्यांची दादा टोयोटा जीआर यारिस. २०२० साली आली तेव्हा २६१ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, ५.५ सेकंद. गंमत अशी की पहिली गोल्फ जीटीआय आणि अप जीटीआय यांच्यात चार दशकांचं अंतर, पण घड्याळात फरक जवळजवळ नाही. यातल्या अप, फिएस्टा आणि आय-२० एन आता युरोपात नव्या मिळत नाहीत. फिएस्टाचं तर उत्पादनच जुलै २०२३ मध्ये कोलोनच्या कारखान्यात थांबलं. त्यामुळे सध्या या गाड्यांचा शोध म्हणजे सेकंडहँड बाजारातला शोध.

वेगाच्या पक्षाला मात्र खरा धक्का दिला तो विजेच्या गाडीने. एमजी-४ एक्सपॉवर ही दिसायला साधीसुधी, भाजी आणायला जावं अशी. पण ४३५ हॉर्सपॉवर आणि शंभरला ३.८ सेकंद! जीआर यारिस सिग्नलवर तिच्या शेजारी उभी राहिली तर फक्त तिचे मागचे दिवे बघेल. तेव्हा नुसते सेकंदच मोजायचे असतील तर वाद संपला, वीज जिंकली. पण तिचं वजन जवळपास १,८०० किलो. पाय दाबला की मान मागे जाते, पाहुणे "अरे बापरे!" म्हणतात, आणि तिसऱ्या वेळेला कुणी काही म्हणत नाही. चालवणाऱ्याला त्यात करण्यासारखं फारसं नसतंच. रेनोच्या नव्या ५ वर बेतलेली अल्पीन ए-२९० शंभरला ६.४ सेकंद घेते, पण वजनाने हलकी असल्यामुळे वळणावर कितीतरी अधिक जिवंत वाटते. म्हणजे विजेच्या गाड्यांतही मजेचं गणित वजनापाशीच येऊन थांबतं.

मग मजा म्हणजे नेमकं काय? आमच्या मते, आपण काही केलं आणि गाडीने लगेच उत्तर दिलं, ही मजा. वळणाआधी गिअर खाली घेतला, इंजिनाचा सूर चढला, स्टिअरिंगमधून हाताला रस्ता कळला, आणि गाडी ठरवलेल्या रेषेवरून बाहेर पडली. यातलं बरंचसं ताशी साठलाही होतं. कमी ताकदीची हलकी गाडी पुरेपूर वापरता येते. जास्त ताकदीची गाडी या देशात दुसऱ्या गिअरमध्येच कायदा मोडते.

हे आपल्या माणसांना पटवावं लागू नये. आपण घाटातली माणसं! कुंभार्ली, ताम्हिणी, आंबेनळी ही नावं घेतली की ज्याने तिथे गाडी घातली आहे त्याचा डावा हात आपोआप गिअरकडे जातो. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतारावर गिअरात राहायचं, हे आपण आकड्यांआधी शिकलो. महाराष्ट्राला या गाड्यांची स्वतःची परंपराही आहे, बरं का. ज्या कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनत असे, तिथूनच २००१ मध्ये फियाटची पालिओ आली. तिच्या १.६ लिटरच्या, १०० हॉर्सपॉवरच्या आवृत्तीवर शौकिनांनी जीव टाकला. (ॲव्हरेजवरून बाकीच्यांनी नावं ठेवली, ते वेगळं.) चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातली पोलो २०२२ पर्यंत निघत होती. आणि पुण्याजवळच्या रांजणगावात २०१५ साली अबार्थ पुंटो बनली. १४५ हॉर्सपॉवर, शंभरला ८.८ सेकंद, किंमत दहा लाखांच्या आत. म्हणजे अप जीटीआयच्या बरोबरीचा वेग, तोही रांजणगावचा!

डच लोकांकडे घाट नाहीत. त्यांचा युरोपातला सगळ्यात उंच डोंगर, लिम्बुर्गमधला व्हाल्सरबर्ख, ३२२ मीटरचा. इथे वळण हवं तर चौकातलं राउंडअबाउट घ्यावं नाहीतर मोटरवेच्या फाट्यावरचा गोल उतार. तरीही या सपाट देशाने छोट्या गाडीची एक भन्नाट कथा लिहिली, आणि तिचं एक टोक मुंबईत आहे. आइंडहोव्हनच्या डाफ कंपनीने फेब्रुवारी १९५८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात आपली पहिली छोटी गाडी दाखवली. हुब व्हान डोर्ने यांनी तिला गिअरबॉक्सऐवजी रबरी पट्टे आणि फुगणाऱ्या-आवळणाऱ्या कप्प्या दिल्या होत्या. त्यामुळे ती पुढे जितकी पळे तितकीच मागेही पळू शके, आणि डच लोकांनी तिच्या उलट्या शर्यतीसुद्धा लावल्या! "म्हाताऱ्यांची गाडी" म्हणून हिणवलेल्या या डाफने १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत गाड्या मुंबईला पोहोचल्या आणि तिथून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. रॉब स्लोटेमाकर आणि त्यांच्या जोडीदाराने जेमतेम ११०० सीसीची डाफ ५५ थेट सिडनीपर्यंत नेऊन सतरावा क्रमांक मिळवला. शून्य ते शंभरच्या यादीत या गाडीचं नाव तळाशीच लागलं असतं. पण त्या प्रवासात मजा कमी पडली असेल असं आम्हाला तरी वाटत नाही.

याच स्लोटेमाकरांनी झांडव्होर्टला घसरणारी गाडी सावरायला शिकवणारी शाळा काढली. इथे आम्ही मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. आपली इथे वाढलेली मुलं आता लायसन्सच्या वयात आहेत. या देशात सतराव्या वर्षी परीक्षा देता येते आणि अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी अनुभवी माणूस बसवून गाडी चालवता येते. हा शेजारचा माणूस बहुतेक घरांत आई नाहीतर बाबा. लायसन्स मिळालं की मागणी येते ती जीटीआयची, एसटीची. जुनी २०५ जीटीआय तर अनेकांच्या स्वप्नात. तिची खोड अशी की भर वळणात घाबरून पाय उचलला तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येतं. आजच्या गाड्यांत ते सावरणारी यंत्रणा असते. युरोपात नव्या गाड्यांना ती २०१४ पासून सक्तीची आहे. जुन्या गाडीत ती नाही. तिथे सावरायचं चालवणाऱ्यानेच, आणि अठरा वर्षांच्या पोराला ते उपजत येत नाही.

दुसरं गणित थांबण्याचं. एका सेकंदात पाय ब्रेकवर गेला आणि रस्ता कोरडा आहे असं धरलं, तर तीसला गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते आणि पन्नासला २६ मीटर लागतात. वेग दुप्पट नाही, अंतर मात्र दुप्पट. या मधल्या तेरा मीटरमध्ये बुइटनव्हेल्डर्टच्या कुठल्याही रस्त्यावर एक सायकल असतेच. आणि तिच्यावर आपल्याच ओळखीचं कुणीतरी असू शकतं. म्हणून तीसच्या पाटीवर चिडणाऱ्या वेगपक्षाशी आमचं जमत नाही. जुलै २०२४ पासून युरोपातल्या प्रत्येक नव्या गाडीत मर्यादा ओलांडली की इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती मागच्या सीटवरच्या काकांसारखी सतत टोकते, पण काकांचं म्हणणं चूक नसतं.

खिशाचंही पाहायला हवं. नव्या पेट्रोल गाडीवर इथे कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर कर लागतो, त्यामुळे तगड्या इंजिनाची किंमत भलतीच चढते. रस्ताकर वजनावर असतो. विजेच्या गाड्यांची त्यातली पूर्ण माफी २०२४ अखेर संपली. नवशिक्याचा विम्याचा हप्ता वेगळाच. तिन्ही बाजूंनी हिशेब मांडला तरी हलकी गाडीच जिंकते. म्हणजे पहिले दोन मराठी प्रश्न काही वाया गेले नाहीत!

तेव्हा मंडळी, आमचा सल्ला असा. सेकंदांची हौस असेल तर एमजी-४ एक्सपॉवरची एक चाचणी फेरी मारून यावी, हौस फिटेल आणि पैसे खिशात राहतील. मजा हवी असेल तर चांगली राखलेली अप जीटीआय किंवा स्विफ्ट स्पोर्ट शोधावी. आय-२० एन आणि यारिस त्यांच्यासाठी, जे अधूनमधून आर्डेन किंवा आयफेलच्या डोंगरांत जातात आणि झांडव्होर्टच्या शर्यतपट्टीवर पैसे भरून उतरायची ज्यांची तयारी आहे. आणि घरात अठरा वर्षांचा वाहनचालक असेल तर अधिक हॉर्सपॉवरला जे पैसे जातील त्यातले थोडे बाजूला काढून आधी त्याला, किंवा तिला, घसरपट्टीवरच्या एका दिवसाच्या वर्गाला पाठवावं. असे वर्ग इथे आजही मिळतात. तिथे ओल्या पट्ट्यावर, रिकाम्या जागेत, साध्याशा गाडीत मूल जे शिकतं ते पुढे प्रत्येक गाडीत कामाला येतं. शेजारी बसायला आई-बाबांनीही जायला हरकत नाही.