हॉलचं तोंड कुणाकडे?

दीड वर्षापूर्वी आम्ही डोंबिवलीच्या घराचं काम काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त पैसे हॉलवर खर्च झाले. दहा बाय सोळाचा हॉल. मोझॅकची जुनी लादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या, पीओपीचं छत केलं, बाल्कनी आत घेतली. दिवाण होता तो देऊन टाकला आणि एल आकाराचा ऐसपैस सोफा आणला. बघायला आलेल्या प्रत्येकानं कौतुक केलं.

महिना-दोन महिन्यांनी लक्षात यायला लागलं, की संध्याकाळी या हॉलमध्ये कुणी थांबतच नाही. आई भाजी निवडायला स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसायची. मुलगी अभ्यास आणि गप्पा दोन्ही बेडरूममधल्या पलंगावर करायची. पूर्वी दोन-दोन तास रमणारे पाहुणे चहा संपला की उठायचे. खोली सुंदर झाली होती, पण तिच्यातली माणसं उठून गेली होती. हे मनाला फार लागलं. मग हॉल म्हणजे नक्की काय, तो कशानं बसता होतो आणि कशानं उठता, याचा शोध घ्यायला लागले.

या शोधात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्या सजावटीच्या मासिकात मिळाली नाही. ती आहे कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयाची, 1950च्या दशकातली. तिथं हम्फ्री ऑसमंड नावाचे डॉक्टर होते. वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड नुकताच नवा केला होता. रंग उजळ, सामान नवं, सगळं प्रसन्न. तरीही त्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, उलट अधिकच मिटून गेल्या होत्या. ऑसमंड यांनी रॉबर्ट सॉमर या तरुण मानसशास्त्रज्ञाला कारण शोधायला सांगितलं. सॉमर यांनी पाहिलं, की खुर्च्या भिंतीला लावून एका ओळीत मांडल्या आहेत. साफसफाईला ते सोयीचं. पण शेजारणीकडे बघायचं तर मान पूर्ण वळवायला हवी, आणि समोरची बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी छोटी चौकोनी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या. सुरुवातीला त्या बायकांनाच ते रुचलं नाही, कारण प्रत्येकीची खुर्ची आणि तिची जागा ठरून गेली होती. काही आठवड्यांनी मोजदाद केली, तेव्हा संभाषणं दुप्पट झाली होती आणि वाचन तिप्पट.

त्याच रुग्णालयाच्या उपाहारगृहात सॉमर यांनी आणखी एक नोंद केली. सहा जणांच्या टेबलावर माणसं सर्वाधिक बोलतात ती कोपऱ्यापाशी, म्हणजे एक जण या बाजूला आणि दुसरा काटकोनातल्या बाजूला असेल तेव्हा. शेजारी शेजारी बसलेल्यांपेक्षा हे दुप्पट, आणि शेजारी बसलेल्यांचं बोलणं टेबलाच्या आरपार समोरासमोर बसलेल्यांच्या तिप्पट. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं 1966 सालच्या आपल्या पुस्तकात हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. काटकोनात बसलं की डोळ्याला डोळा देता येतो आणि हवा तेव्हा काढूनही घेता येतो. अवघड विषय निघाला तर नजर जमिनीकडे, खिडकीकडे सहज वळते.

हे वाचलं आणि मी आमच्या हॉलकडे पाहिलं. सोफ्याचा लांब हात भिंतीला, आखूड हात खिडकीला, आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. एलच्या कोपऱ्यात दोघांची छान सोय होते, हे खरं. पण लांब हातावर चार माणसं बसली की बसथांब्यावर बसल्यासारखी दिसतात. समोरच्या बाजूला बसायला काही नाहीच, तिथं भिंतभर टीव्ही युनिट.

आपल्याकडे असं नव्हतं. दिवाणखान्यातली बैठक आठवा. भिंतीच्या कडेनं गाद्या, पांढरे अभ्रे, लोड-तक्के, आणि मधे मोकळं जाजम. तीन बाजूंनी माणसं बसली की आपोआप कोपरे तयार व्हायचे. गोव्याच्या घरांना दारातच बाल्कांव असतो, म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बांधून काढलेली बाकं, एकमेकांकडे तोंड केलेली. संध्याकाळी त्यावर घरचा माणूस एका बाजूला, येणारा-जाणारा दुसऱ्या बाजूला. कोकणात ओटीवर झोपाळा. झोपाळ्याचं मला विशेष वाटतं, कारण त्यावर बसलेल्या दोघांना एकमेकांकडे बघावंच लागत नाही, तो हलकेच हलत राहतो आणि बोलणं पुढे सरकत राहतं. सासरी निघालेल्या मुलीशी आईनं जे बोलायचं ते कित्येक घरांत झोपाळ्यावरच बोललं गेलं असेल.

हे मोडलं ते एका दिवसात नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि हळूहळू घराघरांत लाकडी कपाटासारखा, शटर ओढून कुलूप लावायचा टीव्ही आला. तेव्हा तो निदान बंद होत असे. शटर ओढलं, त्यावर क्रोशाचा रुमाल पसरला, की खोली पुन्हा माणसांची. छायागीताला चाळीतले शेजारी येऊन जमिनीवर बसायचे, कार्यक्रम संपला की त्याच जमिनीवर गप्पा व्हायच्या. आजचा भिंतीवरचा पंचावन्न इंची काळा चौकोन बंद असतानाही खोलीचं तोंड आपल्याकडे ओढून धरतो. टीव्ही नको असं मी म्हणत नाही, आमच्याकडे तो रोज लागतो. पण खोलीतली निदान दोन आसनं अशी हवीत, ज्यांच्यावर बसल्यावर आधी माणूस दिसेल आणि मग पडदा.

आम्ही केलं ते एवढंच. टीव्ही युनिटच्या कडेची, फुलदाण्या ठेवायची दोन फुटांची कपाटं काढली आणि तिथं टीव्हीकडे कूस करून एक खुर्ची ठेवली. सोफ्याच्या लांब हातापासून ती सात फुटांवर येते. याहून फार लांब गेलं की आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की मनातलं बोलणं होत नाही. काचेचं सेंटर टेबल काढून दोन वेताचे मुढे घेतले. ते पायानं सरकवता येतात, त्यावर चहाचा ट्रे राहतो, आणि एखादं माणूस वाढलं तर बसताही येतं. मधली जागा मोकळी झाली, हे त्याहून महत्त्वाचं.

खुर्ची कुठली, यावर मात्र बराच विचार केला. आई हॉलमधून उठून गेली त्याचं एक साधं कारण टेपनं मोजल्यावर कळलं. सोफ्याची बैठक जमिनीपासून पंधरा इंच आणि खोली सव्वीस इंच. आईची उंची पाच फूट. पाठ टेकवली तर पाय तरंगतात, पाय टेकवले तर पाठ सुटते. उठताना धरायला हात नाहीत, कारण आधुनिक दिसावा म्हणून तो बिनहाताचा घेतला होता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला असा सोफा म्हणजे रोजची परीक्षा. माळ्यावर वडिलांची सागवानी खुर्ची होती. बैठक सतरा इंच, खोली अठरा, दोन्ही बाजूंना भक्कम हात, आणि वेतानं विणलेली. ती विणून घेतली. डोंबिवलीच्या दमट हवेत वेताची जाळी पाठीला वारा देते, रेक्झिनसारखी चिकटत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या पायांची लांबी वेगळी असते, मग सगळ्यांना एकाच मापावर का बसवायचं?

दुसरं कारण मला कानांनी कळलं. नवी टाइल, काच, पीओपी, गुळगुळीत भिंती, सगळंच कठीण. आवाज शोषणारं काहीच नाही, त्यामुळे तो आपटून आपटून परत येतो. तरुण कानांना हे जाणवत नाही, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला घुमणाऱ्या खोलीत शब्द वेगळे करता येत नाहीत. आई म्हणायची, सगळे एकदम बोलता तुम्ही. आम्ही एकदम बोलत नव्हतो.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह असंच घुमत होतं. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडून घुमारा मोजायचा आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या, असं रात्रीमागून रात्री केलं. नाद-वास्तुशास्त्राचा पाया यातून घातला गेला. त्यांना असंही आढळलं, की एक माणूस साधारण सहा गाद्यांएवढा घुमारा कमी करतो. म्हणजे भरलेलं घर मऊ ऐकू येतं ते उगीच नाही. आम्ही सोलापुरी सतरंजी अंथरली, खिडकीला जाड सुती पडदे केले, आणि आतल्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट हॉलच्या मोकळ्या भिंतीला आणून लावलं. पुस्तकांच्या पुढेमागे असलेल्या कडा आवाज फोडतात. दोनच दिवसांत टीव्हीचा आवाज चार आकडे खाली आला.

उजेडाचं थोडक्यात सांगते. साठीच्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्यांच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना जास्त प्रकाश लागतो, पण तो छतावरून सगळीकडे सारखा ओतून भागत नाही. हातातल्या कामावर हवा. छतातल्या बारा गोल दिव्यांपैकी आता आम्ही चारच लावतो. खुर्चीच्या मागे एक उभा दिवा आहे, 2700 केल्विनचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. पांढऱ्याफटक 6500 केल्विनच्या ट्यूबखाली सगळे दवाखान्यात बसल्यासारखे दिसतात. दिव्याच्या पिवळ्या वर्तुळात माणसं आपोआप जवळ सरकून बसतात.

परदेशी पुस्तकांतले सल्ले जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाहीत, कारण आपला हॉल नुसता बसायचा नसतो. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीनं दिवसा बैठक, दुपारी अभ्यासिका आणि रात्री पाच जणांची झोपायची जागा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या निभावलं. तिथं खोलीची सोय सामान उचलून ठेवता येण्यावर ठरायची. आमच्याकडेही भाद्रपदात हॉलमध्ये गणपती बसतो, चैत्रात हळदीकुंकू असतं, नातलग आले की गाद्या पडतात. एलचा सोफा यातल्या कशालाच हलत नाही. आमच्या जुन्या दिवाणाच्या पोटात चार गाद्या, सहा चादरी आणि दोन सतरंज्या मावत होत्या. तो देऊन टाकल्याचं मला आजही वाईट वाटतं. नवीन घर लावणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, की हॉलमध्ये जड आणि न हलणारी एकच वस्तू ठेवा. बाकी सगळं एका माणसाला उचलता आलं पाहिजे.

बाल्कनी आत घेतल्याचं दुखणं अजून तसंच आहे. ती होती तेव्हा पश्चिमेचं ऊन तिच्यातच अडायचं, आणि जुलैच्या मुसळधार पावसातही मधला दरवाजा उघडा ठेवता यायचा. आता चाळीस चौरस फूट वाढले, पण एप्रिलमध्ये चारनंतर सोफ्यावर बसवत नाही, आणि पावसाळ्यात काच लावून घेतली की समोरासमोरचं वारं बंद. छतावरचा पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. खिडकीच्या डोक्यावर दोन फुटांची झडप बसवायचं चाललंय. सोसायटीची परवानगी, सगळ्या मजल्यांना एकच रंग, हे अजून ठरायचं आहे. तोवर मी बाहेरच्या ग्रिलला वाळ्याचा पडदा बांधला आहे आणि दुपारी त्यावर दोन तांबे पाणी मारते. आई खुर्चीतून सांगते, वरच्या कोपऱ्यात कोरडं राहिलंय.