रोपांना उन्हाची सवय लावा

घरात पेरलेलं मिरची-टोमॅटोचं बी छान उगवलं, पण अंगणात लावताच दोन दिवसांत रोपांनी माना टाकल्या, असं तुमचंही झालंय का? पहिल्या वर्षी माझी सगळी रोपं अशीच गेली. दोष बियाण्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता!

मेअखेरीस तळाला भोकं पाडलेल्या पसरट डब्यात दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू भरा. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. पाणी बेताचंच शिंपडा. सतत ओल राहिली की बुरशीमुळे रोप बुडाशी कुजून कोलमडतं. टोमॅटो आठवडाभरात, मिरची 8 ते 12 दिवसांत उगवते. मग डबा उजेडाच्या खिडकीत ठेवा, नाहीतर रोपं उंच पण लेचीपेची होतात.

चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर होईल. आता खरी कसोटी! आधी आठवडाभर डबा रोज बाहेर ठेवा. सुरुवातीला कोवळं ऊन तासभरच, मग हळूहळू वाढवा. पाणीही जरा कमी करा. लावणी संध्याकाळी करावी. मुळांची माती सुटू देऊ नका. टोमॅटोत दोन फूट, मिरचीत दीड फूट अंतर ठेवा आणि लगेच पाणी घाला.

सासरी रुळायला आपल्यालाही दिवस लागलेच ना? मग या इवल्या रोपांना आठवडा द्यायला काय हरकत आहे?