बारा मात्रा, सहा तारा

उल्हासनगरात पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ म्हणतात. महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले, 1949 मध्ये वसाहतीला नाव मिळालं. ‘कॅम्प’ मात्र सुटला नाही. पाको दे लुसियाची गिटार ऐकताना अंबरनाथच्या घरात बसून मला हा शब्द आठवतो. इकडे बराकी भरत होत्या, त्याच 1947 च्या डिसेंबरात तो स्पेनच्या दक्षिण टोकाच्या अल्हेसिरास बंदरात जन्मला. आणि त्याने आयुष्यभर जे वाजवलं, ते तिथलं फ्लॅमेन्को संगीतही घर सुटलेल्यांच्या संगतीत वाढलेलं.

दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या हितानोंचा, म्हणजे जिप्सींचा, त्यात मोठा वाटा. त्यांच्या पूर्वजांची रोमानी भाषा मराठी-सिंधीच्याच कुळातली. साधारण हजार वर्षांपूर्वी ते पूर्वज भारतातून निघाले, म्हणजे आमचं अंबरनाथचं शिवमंदिर (1060) उभं राहिलं त्याच्या आगेमागे. म्हणून ‘फ्लॅमेन्को आपलंच’ अशी कॉलर ताठ करू नये. त्यात अंदालुसियाच्या मातीतलं बरंच काही मुरलंय. खुद्द पाकोही हितानो नव्हता. फ्रान्सिस्को सांचेस गोमेस हे त्याचं नाव. आई पोर्तुगीज, लुसिया. गल्लीत पाको ढिगाने, म्हणून हा ‘लुसियाचा पाको’. वडील दिवसा कापड विकायचे, रात्री गुत्त्यांत गिटार वाजवायचे. पोराला त्यांनी तासन्‌तास रियाजाला बसवलं. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात साबिकास या बुजुर्गाने त्याला सल्ला दिला, की दुसऱ्यांचं वाजवत बसू नकोस, स्वतःचं वाजव.

स्वतःचं म्हणजे काय, हे कळायला टाळी द्यावी लागते. ‘सोलेआ’ या फ्लॅमेन्कोच्या प्रकारात बारा मात्रा. आपल्या एकतालातही बाराच, पण दोन-दोनचे सहा विभाग. सोलेआत आघात 3, 6, 8, 10 आणि 12 वर. मोजून पाहा: आधी तीन-तीनची लांब पावलं, मग दोन-दोनची आखूड. याच चौकटीची लय चढवली की ‘बुलेरिया’. पाकोने हे गणित कधी मोडलं नाही. बाकी जवळजवळ सगळं हलवलं. गिटार उजव्या मांडीवर तोलून, मान उंच ठेवून वाजवायची रीत होती. तो पायावर पाय टाकून ती आडवी धरू लागला. आज बहुतेक जण तसेच बसतात.

कामारोन दे ला इस्ला या हितानो गायकाबरोबर 1969 पासून त्याने ओळीने ध्वनिमुद्रिका केल्या. 1973 मध्ये ‘एन्त्रे दोस आग्वास’ने फ्लॅमेन्को घराघरांत नेलं. नावाचा अर्थ ‘दोन पाण्यांच्या मधोमध’. अल्हेसिरासही अटलांटिक आणि भूमध्य यांच्या मधलंच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पेरूहून तो ‘काहोन’ घेऊन आला. काहोन म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी. तिकडे आफ्रिकी गुलामांच्या वस्त्यांत ती घडली. आज तिच्याशिवाय फ्लॅमेन्कोची मैफल क्वचितच दिसते. एका बेघर समाजाचं खोकं दुसऱ्याच्या गाण्यात जाऊन बसलं आणि परकं वाटलं नाही, कारण त्यावर वाजत होत्या त्याच बारा मात्रा.

5 डिसेंबर 1980 ला सॅन फ्रान्सिस्कोत अल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफलिन या जॅझच्या गिटारवाल्यांसोबत तो वाजवायला बसला. हा मॅक्लॉफलिन म्हणजे माहीमच्या झाकीर हुसेनबरोबर ‘शक्ती’ हा बँड उभारणारा. जॅझवाल्यांत शिरून सूर मोकळा सोडायचा पाकोला आधी धसका होता. तो धसकाच त्याची शाळा झाला. तिकडे स्पेनमध्ये कर्मठ मंडळी ‘फ्लॅमेन्को बाटवलं’ म्हणत राहिली. तोमातितो, विसेन्ते आमिगो ही पुढची पिढी मात्र त्याच वाटेने गेली. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’तलं फ्लॅमेन्को ढंगाचं ‘सेन्योरिटा’ बदलापूरच्या गिटार क्लासमधलं पोर हौसेने छेडतं, तेव्हा त्या वाटेची एक पायवाट इथवर आलेली असते.

25 फेब्रुवारी 2014 ला मेक्सिकोत पाको गेला. मागे राहिलेली शेवटची ध्वनिमुद्रिका ‘कान्सियोन आंदालुसा’: लहानपणी कानावर पडलेल्या ‘कोप्ला’ गाण्यांची. जगभरचं सगळं घरात आणून झाल्यावर तो आपल्या जुन्या गल्लीत परतला. पत्ता बदलला, घर पक्कं झालं, तरी तोंडात ‘कॅम्प’च येतो, तसंच काहीसं.