‘उद्या’ : भविष्याची कल्पना आणि वर्तमानाची साधने

भविष्यकाळावरील कादंबरीचे मूल्यमापन बहुधा तिची भाकिते खरी ठरली की नाही, या कसोटीवर केले जाते. नंदा खरे (१९४६–२०२२) यांच्या ‘उद्या’ (२०१४) या कादंबरीस ही कसोटी अपुरी पडते. तंत्रज्ञानाच्या साह्याने माणसावर ठेवली जाणारी पाळत आणि अर्थसत्तेची वाढती पकड हा तिचा विषय होय. मात्र तिचे शीर्षक दूरच्या शतकाचा नव्हे, तर आजला लागून असलेल्या दिवसाचा निर्देश करते. तिच्यातील उपहासाचे मर्म या निकटतेत आहे.

खरे यांची ही दृष्टी त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतूनच घडलेली दिसते. ‘अंताजीची बखर’ (१९९७) मध्ये पराक्रमाचा आव न आणणारा एक सामान्य निवेदक इतिहास सांगतो, आणि बखरीच्या रूपातूनच बखरीच्या गौरवी वृत्तीचा उपहास साधला जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरींच्या विश्वसनीयतेविषयी शंका घेऊन अस्सल कागदपत्रांना प्राधान्य दिले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर तेथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने तो वारसा जतन केला. भूतकाळाला कागद असतो, भविष्याला तो नसतो. मग भविष्यावरील उपहासाला आधार कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर खानदेशातच मिळू शकते. जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८८० होती. २०११ मध्ये ती ८४२ झाली. २०११ मध्ये मोजलेली ही बालके आता विवाहयोग्य वयाकडे येत आहेत. त्यांच्या पिढीपुढील विवाहाचा प्रश्न हा कल्पनेचा विषय उरलेला नाही. त्याची नोंद आधीच झालेली आहे. जनगणनेचा हा तक्ता म्हणजे भविष्याचा अस्सल कागदच होय.

उपहासात्मक विज्ञानकादंबरी अशा नोंदींची दिशा तर्कशुद्धपणे पुढे नेते आणि आपण सवयीने स्वीकारलेली गोष्ट विपरीत रूपात समोर ठेवते. म्हणून ‘उद्या’ शिकविताना ‘हे घडेल काय?’ या प्रश्नापेक्षा ‘याची नोंद आज कोठे झाली आहे?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. अशा वाचनात अतिशयोक्तीचा आरोप गळून पडतो आणि वाचकाचे उत्तरदायित्व शिल्लक राहते.