अमेरिकन फुटबॉलमधील खासगी प्रशिक्षण : नवोदित व प्रगत खेळाडूंच्या संदर्भात

प्रस्तावना

‘फुटबॉल’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळावयाचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत मात्र या नावाचा खेळ मुख्यत्वे हातांनी, लंबगोल चेंडूने आणि अंगाला अंग भिडवून खेळला जातो. प्रत्येक संघात ११ खेळाडू, १०० यार्डांचे मैदान आणि चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकण्याची अट ही त्याची मूळ चौकट होय. हा खेळ तेथे शाळा-महाविद्यालयांतून वाढला व आजही तेथेच शिकविला जातो. तथापि गेल्या काही दशकांत शालेय सरावाच्या जोडीला शुल्क देऊन खासगी प्रशिक्षकाकडे जाण्याची प्रथा रूढ झाली आहे. आपल्याकडील शिकवणीशी तिचे साम्य लक्षणीय आहे. या प्रशिक्षणातून काय साध्य होते व काय होऊ शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गरज का निर्माण झाली?

१९५० मध्ये ‘एनएफएल’ या व्यावसायिक स्पर्धेत खेळाडू अमर्याद बदलण्यास कायमची मुभा मिळाली आणि विशेषीकरणास वेग आला. क्वार्टरबॅकने चेंडू फेकावा, रिसीव्हरने तो झेलावा, लाइनमनने प्रतिस्पर्ध्यास थोपवावे, अशी कामांची काटेकोर विभागणी झाली. शालेय प्रशिक्षकाला संपूर्ण संघाच्या चाली बसवावयाच्या असतात. एका मुलाच्या मनगटाकडे तासभर पाहण्यास त्याला सवड नसते. महाविद्यालयीन खेळाडूंच्या सरावास हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. एनएफएलमध्येही २०११ च्या करारान्वये संपूर्ण संरक्षक साहित्यासह होणारे हंगामातील सराव १४ वर आणले गेले. ही पोकळी खासगी प्रशिक्षकाने भरून काढली.

दुसरे कारण आर्थिक आहे. माध्यमिक शाळांतून सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. त्यांपैकी सुमारे सात टक्केच महाविद्यालयीन संघांत पोहोचतात. शिष्यवृत्तीच्या आशेने पालक खर्च करतात.

नवोदितांचे प्रशिक्षण

नवोदितास प्रथम पवित्रा शिकविला जातो. लाइनमनने एक हात जमिनीवर टेकवून, पाठ सपाट व मान वर ठेवून बसावे. क्वार्टरबॅकने बोटे चेंडूच्या शिवणीवर ठेवावीत, तळहात व चेंडू यांत किंचित पोकळी राखावी. फेक हाताची वाटली तरी तिचा उगम पायांत असतो. पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने पडतो, कंबर वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी बोटे. बोटांच्या शेवटच्या स्पर्शाने चेंडू स्वतःभोवती फिरत सरळ जातो. हा क्रम चुकला की मुले केवळ दंडाच्या बळावर फेकू लागतात व खांदा दुखावतो. आरंभीच लागलेली चुकीची सवय पुढे मोडणे अवघड असल्याने एकास एक लक्ष येथे खरोखर उपयोगी ठरते.

मात्र टॅकल, म्हणजे धावत्या खेळाडूस पकडून पाडणे, हे एकट्याने शिकण्याजोगे नाही. डोके बाजूस ठेवून खांद्याने भिडावे हे तत्त्व सांगता येते. पण समोरून वेगाने येणारे शरीर शिकवणीत कोठून आणणार? म्हणून अनेक जाणकार लहान मुलांना प्रथम फ्लॅग फुटबॉल खेळू द्यावा असे सुचवितात. त्यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढावयाची असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश करण्याचा निर्णय २०२३ मध्ये मुंबईतील अधिवेशनात झाला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

प्रगत खेळाडू

प्रगत खेळाडूच्या बाबतीत शिक्षण कमी व दुरुस्ती अधिक असते. टॉम ब्रेडी व ड्रू ब्रीस या नामांकित क्वार्टरबॅकनी टॉम हाऊस यांचे मार्गदर्शन घेतले. हाऊस हे मूळचे बेसबॉलचे गोलंदाज. हँक ॲरन यांचा १९७४ मधील विक्रमी ७१५ वा फटका झेलणारे तेच. खांद्याचे यंत्र दोन्ही खेळांत एकच, हे त्यामागील सूत्र.

जॉश ॲलन यांचे उदाहरण वारंवार दिले जाते. २०१८ मध्ये त्यांच्या ५२.८ टक्के फेकी यशस्वी झाल्या; २०२० मध्ये हे प्रमाण ६९.२ वर गेले. हंगामाबाहेर जॉर्डन पामर यांच्यासह केलेल्या कामास याचे श्रेय दिले जाते. परंतु त्याच वर्षी स्टेफॉन डिग्ज हा उत्कृष्ट रिसीव्हर संघात आला होता, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. संपूर्ण वाढ शिकवणीच्या खात्यावर जमा करणे शास्त्रीय ठरणार नाही.

मर्यादा व जबाबदारी

खासगी प्रशिक्षकासाठी अमेरिकेत सर्वत्र लागू असा परवाना नाही. डोक्याला मार बसल्याचा संशय येताच मुलास खेळातून बाहेर काढावे व वैद्यकीय लेखी अनुमतीशिवाय परत घेऊ नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला. इतर राज्यांनीही तसे कायदे केले. हे कायदे प्रामुख्याने शालेय व संघटित खेळासाठी आहेत. उद्यानात चालणारी एकास एक शिकवणी त्यांच्या नजरेआड राहू शकते. म्हणून प्रशिक्षकाची कीर्ती विचारण्यापूर्वी, दुखापत झाल्यास तो काय करतो, हे पालकांनी विचारणे अगत्याचे आहे.

आणखी एक अडचण व्यवहारात हमखास येते. खासगी प्रशिक्षक पाच पावले मागे जाऊन फेकावयास शिकवितो, शाळेच्या चालींत तीनच पावले अपेक्षित असतात. अशा वेळी मुलगा दोघांच्या कात्रीत सापडतो. संघनिवडीचा अधिकार शाळेच्या प्रशिक्षकाकडे असल्याने शिकवणी लावण्यापूर्वीच त्याच्याशी बोलणे श्रेयस्कर ठरते.