मळणी यंत्राजवळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या आगेमागे जव्हार-मोखाड्यात भातकापणी उरकते आणि खळ्यावर भाड्याचं मळणी यंत्र येतं. मशीनला पुढच्या पाड्यावर जायचं असतं, म्हणून सगळ्यांनाच घाई. मळणी झाली की यातलीच कितीतरी माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बोईसरच्या कारखान्यांत जातात. तिथलं यंत्र वेगळं असतं. पण माणसाचा हात घेणारे गैरसमज सगळीकडे तेच.

गैरसमज : लक्ष असलं की हात वेळेवर मागे घेता येतो.

वस्तुस्थिती : ट्रॅक्टरच्या मागचा, मळणी यंत्राला ताकद पोचवणारा पीटीओचा दांडा साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. दांडा 5 सेंटिमीटर जाडीचा धरला, तर पदराचं टोक अडकल्यावर सेकंदाभरात जवळजवळ दीड मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. काय झालं हे कळून हात हलेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातोच. म्हणून पदर आणि ओढणी घट्ट खोचावी, केस बांधावेत, गळ्यातला टॉवेल काढून ठेवावा. फिरता दांडा कधीही ओलांडू नये.

गैरसमज : अपघात नवख्याला होतो.

वस्तुस्थिती : नवखा भीतीने लांब उभा राहतो. अडकलेली पेंढी हाताने आत रेटायला वर्षानुवर्षं मशीनवर काम केलेला माणूसही जातो. शंभर वेळा काही झालं नाही, म्हणून एकशेएकाव्या वेळी मशीनमधला मळणीचा ड्रम हळू फिरत नाही.

गैरसमज : पत्रा आणि जाळी काढली की काम झपाट्याने होतं.

वस्तुस्थिती : मळणी यंत्राच्या भारतीय मानकात पेंढी आत सरकवायची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातला ड्रमकडचा 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, असं सांगितलं आहे. हात कितीही लांबवला तरी ड्रमपर्यंत पोचू नये, हा त्यामागचा हिशेब. ते झाकण काढलं की हात आणि ड्रम यांच्यामध्ये काहीच उरत नाही. पट्टा आणि पुलीवरच्या जाळीचंही तेच.

गैरसमज : हातमोजे घातले की भीती नाही.

वस्तुस्थिती : धारदार किंवा गरम वस्तू उचलताना हातमोजे कामाचे. फिरत्या भागापाशी मात्र मोज्याचं टोक आधी अडकतं आणि मागोमाग बोटं जातात. तिथे सैल मोजे नकोत.

गैरसमज : बटण बंद केलं, किंवा लाईट गेली, म्हणजे आता हात घालायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : इंजिन बंद केल्यावरही जड ड्रम आणि चाक आपल्या वेगाने फिरत राहतात. ते पूर्ण थांबलेले डोळ्यांनी पाहावेत. पिठाच्या गिरणीसारख्या विजेवरच्या यंत्रात धोका आणखी वेगळा. लाईट गेल्यावर पट्टा बसवायला कुणी हात घातला आणि बटण चालूच राहिलं असेल, तर लाईट येताच चाक फिरू लागतं. म्हणून मेन स्विच पाडावा, शक्यतो फ्यूज काढून दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावा.

गैरसमज : बोट तुटलं तर थेट बर्फात ठेवावं.

वस्तुस्थिती : बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून 108 ला फोन करावा. हळद, चुना, डिझेल काहीही लावू नये. गारव्यात ठेवलेलं बोट काही तास टिकतं, त्यामुळे जव्हारच्या रुग्णालयातून नाशिकला पाठवलं तरी ते सोबत न्यायला विसरू नये.

गैरसमज : चूक त्याचीच होती, भरपाई कसली?

वस्तुस्थिती : मळणी यंत्रांचे अपघात वाढले म्हणून 1983 साली धोकादायक यंत्रांसाठी केंद्राने वेगळा कायदा केला, त्यात जखमी किंवा मृत कामगाराच्या भरपाईची तरतूद आहे. सातबारा असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात, एक हात किंवा पाय गेल्यास 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा.

मशीन भाड्याने ठरवताना दराइतकीच चौकशी झाकणाची करावी. झाकण नसलेलं मशीन खळ्यावर उतरूच देऊ नये.